नाशिककर आणि लिनक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच्या आगेमागे आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा ओघ वाढला. विचारणारे सगळ्या प्रकारचे आहेत: कॉलेज रोडवरचे विद्यार्थी, सातपूर-अंबडचे वर्कशॉपवाले, कोर्टातले वकील, कर सल्लागारांच्या ऑफिसातले लोक, निवृत्त शिक्षक. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेलं इथे एकत्र केलं आहे. उत्तर आधीच आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिनक्स म्हणजे नक्की काय? उबुंटू आणि मिंट ही त्याचीच नावं का?

लिनक्स हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याशी थेट बोलणारा भाग. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्याआधी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पात इतर अवजारं तयार होतच होती. गाभा, अवजारं, डेस्कटॉप आणि रोजची सॉफ्टवेअरं बांधून जो संच मिळतो त्याला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा हे सगळे डिस्ट्रो. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सचाच गाभा आहे.

२. फुकट आहे म्हणजे चोरीचं नाही ना? दुकानात वापरलं तर नोटीस येईल का?

नाही येणार. लिनक्सचा परवानाच सांगतो की वापरा, वाटा, बदला, कितीही मशीनवर टाका, धंद्यासाठीसुद्धा. पैसे लागले तर ते बसवून देणाऱ्याच्या मेहनतीचे किंवा कंपनीकडून मिळणाऱ्या आधाराचे.

हा प्रश्न आपल्याकडे इतका विचारला जातो त्यालाही कारण आहे. स्वस्त लॅपटॉप वर्षानुवर्षं ‘डॉस’ किंवा उबुंटू टाकून विकले गेले, कारण त्यात विंडोजच्या परवान्याचा खर्च वाचतो. मग दुकानातच कोणीतरी क्रॅक केलेलं विंडोज ‘घालून देतो’ म्हणतो. ते ॲक्टिव्हेट करणारे प्रोग्राम अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि पूर्ण अधिकार मागतात. त्याच मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करता. ज्याने लॅपटॉपसोबत आलेलं उबुंटू पुसून क्रॅक विंडोज टाकलं, त्याने कायदेशीर आणि सुरक्षित गोष्ट देऊन उलटं घेतलं, असं आमचं ठाम मत आहे.

३. भारतात लिनक्स खरंच इतकं लोकप्रिय आहे का?

डेस्कटॉपवर जगाच्या सरासरीपेक्षा जास्त, हे नक्की. स्टॅटकाउंटरच्या आकडेवारीत २०२४ च्या सुरुवातीला लिनक्सने जगभरात ४ टक्क्यांचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी भारताचा आकडा १० टक्क्यांच्या वर दिसत होता. मात्र हे आकडे वेबसाइटवर झालेल्या भेटींवरून काढलेले असतात, घरोघरच्या संगणकांची ती मोजणी नव्हे. महिन्यामहिन्याला ते वरखाली होतात. म्हणून कल कुठे आहे एवढंच त्यातून घ्यावं.

आकड्यापेक्षा लिनक्स कुठे बसलं आहे ते पाहणं जास्त बोलकं आहे. केरळातल्या सरकारी आणि अनुदानित शाळा जवळपास वीस वर्षं लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात. तिथली मुलं मराठी शाळेतल्या मुलांइतकीच साध्या घरची आहेत, आणि ती लिनक्सवर लिहितात, चित्रं काढतात, प्रोग्रामिंग करतात. सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक-संशोधन संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सिस्टिम काढली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये धोरण जाहीर केलं, की सरकारी प्रणाली घेताना ओपन सोर्सला, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरला, प्राधान्य द्यावं. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारित ‘माया’ ही सिस्टिम आणली.

यातल्या कशाचीही जाहिरात टीव्हीवर लागली नाही. भारतात लिनक्स वाढलं ते तीन वाटांनी: कॉलेजची लॅब, सरकारी निर्णय आणि जुनं हार्डवेअर. चौथी वाट हौशी लोकांची. पीसीक्वेस्टसारख्या मासिकांबरोबर सीडी यायच्या, आणि उबुंटू तर २०११ पर्यंत घरपोच सीडी मोफत पाठवायचं. पाकीट परदेशातून आलं म्हणून पोस्टमनला कुतूहल वाटायचं, अशी आठवण सांगणारे नाशकात बरेच भेटतात.

४. नाशकात कोण वापरतं? माझ्या ओळखीत तर कोणीच नाही.

ओळखीत असतील, तुम्हाला माहीत नसेल. इथली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि कॉम्प्युटर शाखेच्या अनेक प्रॅक्टिकल्सना अभ्यासक्रमातच लिनक्स सुचवलेलं असतं. दरवर्षी मुलांची एक नवी तुकडी दुसऱ्या वर्षाला उबुंटूसमोर बसते. त्यातली निम्मी परीक्षेपुरती शिकतात, काही मात्र घरच्या लॅपटॉपवर टाकतात. नंतर पुणे-बंगळुरूच्या नोकऱ्यांत सर्व्हरवर त्यांना हेच भेटतं.

दुसरी जागा न्यायालयं. ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा न्यायालयांसाठी उबुंटू स्वीकारलं गेलं, आणि प्रकरणांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या पुणे केंद्राने ओपन सोर्सवर उभी केली. वकील मंडळींनी पुढच्या तारखेला कोर्टातल्या संगणकाच्या पडद्याकडे नीट पाहावं.

५. माझा लॅपटॉप २०१६ चा. विंडोज ११ चालणार नाही म्हणतात. फेकायचा का?

मुळीच नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. २०१६ च्या लॅपटॉपमध्ये तो नसतो. मशीन मात्र धडधाकट असतं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले आहेत, तेव्हा घाईने निर्णय घेऊ नका.

४ जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, ८ जीबी असेल तर सिनॅमन. पण आधी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. जुनं मशीन ‘नवीन झालं’ म्हणून लोक लिनक्सचं कौतुक करतात, त्यातला मोठा वाटा एसएसडीचा असतो. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, कारण एसएसडीशिवाय लिनक्स टाकून निराश झालेला माणूस पुन्हा वळत नाही. आणि ४ जीबीत ब्राउझरचे वीस टॅब कुठल्याच सिस्टिमवर नीट चालत नाहीत.

६. इतक्या डिस्ट्रोंमधून कोणता घेऊ?

पहिल्यांदा घेत असाल तर लिनक्स मिंट. विंडोज वापरलेल्या माणसाला मेनू, टास्कबार, फाइल उघडणं सगळं ओळखीच्या जागी सापडतं. कॉलेजच्या लॅबशी जुळवायचं असेल तर उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं अपडेट मिळतात.

७. विंडोज न पुसता आधी बघता येईल का?

येईल, आणि बघाच. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल) उतरवा, रूफस किंवा एचर या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची कळ दाबा. कंपनीप्रमाणे ती एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. पेनड्राइव्हवरूनच पूर्ण डेस्कटॉप उघडतो आणि आतल्या डिस्कला हात लागत नाही.

आता तिथेच तपासा: वाय-फाय जोडलं जातं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटवून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, आणि तुमचा प्रिंटर छापतो का. वाय-फाय दिसत नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल, आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ब्रॉडकॉम कंपनीच्या बऱ्याच वाय-फाय कार्डांचा ड्रायव्हर तिथे मिळतो.

८. मराठी टाइप करता येतं का? नीट?

येतं, आणि आमच्या मते हा लिनक्सचा सगळ्यात समाधान देणारा भाग आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवताना मराठी निवडा. इन्स्क्रिप्ट येत असेल तर तेच घ्या, तो भारताचा प्रमाणित कळफलक आहे आणि विंडोजवरही तसाच असतो. इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय असेल तर फोनेटिक घ्या.

इन्स्क्रिप्टवर लोक जिथे अडतात त्या जागा सांगून ठेवतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ मधला ऱ हवा असेल तर शिफ्टसह जे, मग हलन्तासाठी डी, मग य. ळ साठी शिफ्टसह एन. ‘ॲप’ लिहिताना अ वर वेगळा चंद्र चढवू नका, पूर्ण ॲ वापरा. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात आणि शोधताना सापडत नाहीत.

दुसरी तक्रार: ‘ल आणि श हिंदीसारखे दिसतात.’ लिब्रे ऑफिस या मोफत ऑफिस-संचाच्या भाषा-सेटिंगमध्ये जटिल लिपीचा पर्याय चालू करून भाषा मराठी ठेवा. लोहित देवनागरीसारखे फॉन्ट भाषा ओळखून आपल्या वळणाचा ल आणि श दाखवतात. मराठी शुद्धलेखन तपासणीही एक्स्टेन्शन म्हणून घालता येते. ती परिपूर्ण नाही, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका पकडते.

९. ऑफिसात सगळ्या जुन्या फाइली श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये आहेत. त्यांचं काय?

या फॉन्टमध्ये मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकाच प्रमाणित संकेतांत, साठवलेला नसतो. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यावर मराठी रूप चढवतो. म्हणून दुसऱ्या मशीनवर तीच फाइल उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. हे लिनक्समुळे होत नाही. फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच होईल.

उपाय एकच: मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण प्रत्येक फॉन्टची संकेतमालिका वेगळी असते, तेव्हा नेमका फॉन्ट आधी ओळखा. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका. सोसायटीची इतिवृत्तं, शाळेची दप्तरं, संस्थांचे अहवाल या फॉन्टांत अडकून पडले आहेत. विंडोज ठेवा किंवा सोडा, हे काम आजच सुरू करण्यासारखं आहे.

१०. टॅली चालतं का?

टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या साधनावर ते चालवण्याचे प्रयोग होतात, पण लोकांचे हिशेब त्यावर सोपवावेत असा भरवसा आम्हाला वाटत नाही. मार्ग दोन. मशीनमध्ये किमान ८ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) परवान्याचं विंडोज घालून त्यात टॅली. नाहीतर ऑफिसातलं एक मशीन विंडोजवर ठेवा आणि बाकीची लिनक्सवर न्या.

इथेच या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: लिनक्सवर जायच्या आधी, ज्याच्याशिवाय तुमचा दिवस अडतो असं एक सॉफ्टवेअर किंवा यंत्र कोणतं ते शोधा. बहुतेकांचं असं एकच असतं. ते चालत असेल तर बाकी सगळं जमतं. ते चालत नसेल तर इतर शंभर चांगल्या गोष्टींचा उपयोग नाही.

११. जीएसटी, आयकर, डीएससी (डिजिटल सही)?

ब्राउझरमधून होणारी कामं फायरफॉक्स किंवा क्रोमवर तशीच होतात. आयकर विवरण ऑनलाइन भरून आधार ओटीपीने पडताळता येतं. प्रोप्रायटरशिपचं जीएसटी विवरण ईव्हीसीने, म्हणजे ओटीपीने जातं. कंपनी आणि एलएलपीला मात्र डीएससी लागते. ती ज्या यूएसबी टोकनवर असते त्याचा ड्रायव्हर आणि पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर दोन्ही जुळावं लागतं, आणि लिनक्सवर ते जुळवताना शेवटच्या तारखेची संध्याकाळ निघून जाते. रोज सह्या करणाऱ्या ऑफिसने त्यासाठी विंडोज ठेवावं. अंगठ्याचं बायोमेट्रिक यंत्र वापरणाऱ्या सेवा केंद्रांनाही हाच सल्ला.

१२. प्रिंटरच छापत नाही. सगळं बाकी छान आहे.

दोन मॉडेलांबद्दलच हा प्रश्न सर्वाधिक येतो, कारण झेरॉक्सच्या दुकानांपासून वकिलांच्या टेबलापर्यंत तीच दोन दिसतात.

एचपी लेझरजेट १०२०: या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारा आतला प्रोग्राम, कायम राहत नाही, चालू झाला की दर वेळी ते संगणकाकडून घ्यावं लागतं. एचपीचं एचपीलिप हे पॅकेज आणि त्याचं प्लगइन घातलं की काम होतं. प्लगइन वेगळं उतरवावं लागतं, तेच लोक विसरतात. लाइट गेली-आली आणि प्रिंटर गप्प बसला, तर यूएसबी केबल काढून पुन्हा लावा.

कॅनन एलबीपी २९००: हा खरा त्रासदायक. कॅननचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, नव्या आवृत्त्यांवर सहज बसत नाही, आणि बसला तरी प्रिंटर बंद-चालू केल्यावर त्याची मागची सेवा अडकते. स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर काहींकडे चालतो. रोजची छपाई याच प्रिंटरवर असेल तर आधी प्रश्न ७ प्रमाणे तपासा आणि तरच पुढे जा. नवा घेणार असाल तर नेटवर्कवर ड्रायव्हरशिवाय छापणारा, म्हणजे एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेला घ्या.

१३. अंबडला आमचं वर्कशॉप आहे. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स? आणि भावाचं फ्लेक्सचं दुकान, त्याचं कोरल?

तिन्ही लिनक्ससाठी मिळत नाहीत. फ्रीकॅड या मोफत ड्रॉइंग-सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि शिकायला ती खरंच चांगली आहे. पण कंपनीकडून येणारं ड्रॉइंग ज्या स्वरूपात येतं त्याच स्वरूपात, तसंच परत जायला हवं. फ्लेक्सवाल्याचंही तेच: ग्राहकाने आणलेली कोरलची फाइल इंकस्केप या मोफत डिझाइन-सॉफ्टवेअरमध्ये उघडली तरी रचना हलू शकते. डिझाइनचं मशीन विंडोजवर राहू द्या. बिलं, मेल, हजेरीचं मशीन लिनक्सवर न्या.

१४. दोन्ही एकाच लॅपटॉपवर ठेवायचं आहे. काय सांभाळू?

आधी बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर. मग विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप, चालू आहे का पाहा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर ते मालकाला माहीत नसताना चालू असतं. त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. ती नसेल आणि विंडोजने मागितली तर स्वतःचाच डेटा हाती लागत नाही. त्यानंतर फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज बंद होतं तेव्हा अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्सला त्याच्या डिस्कवर लिहिता येत नाही. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा.

बसवताना ‘डिस्क पुसा’ आणि ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हे पर्याय एकाच पडद्यावर येतात. तिथे दोनदा वाचा.

१५. दोन्ही घातल्यावर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे जातं. बॅटरी गेली का?

बॅटरी ठीक आहे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून फरक नेमका तेवढाच. लिनक्सला मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगा, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एका ओळीचं काम आहे. घड्याळ चुकलं की बँकेच्या साइट सुरक्षा प्रमाणपत्राची चूक दाखवतात, तेव्हा हे टाळू नका.

१६. अँटिव्हायरस लागतो का?

घरी वापरायला सहसा नाही. सॉफ्टवेअर डिस्ट्रोच्याच भांडारातून घ्या आणि अपडेट वेळच्या वेळी करा. पण फोनवर ओटीपी विचारणाऱ्यापासून किंवा स्क्रीन शेअर करायला लावणाऱ्यापासून कुठलीच सिस्टिम वाचवत नाही.

१७. मुलीला एमएस-सीआयटी करायची आहे, ऑनलाइन परीक्षाही असतात.

एमएस-सीआयटीचा सराव विंडोज आणि एमएस ऑफिसवर होतो, तेव्हा केंद्रातल्या मशीनवर किंवा प्रश्न १४ प्रमाणे दोन्ही ठेवून करा. घरून द्यायच्या देखरेखीच्या परीक्षांमध्ये अडचण येते. सेफ एक्झाम ब्राउझर लिनक्सवर चालत नाही. परीक्षेचं सूचनापत्रक आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी वाचा.

१८. फार जुना ३२ बिटचा पीसी आहे.

मिंट आणि उबुंटूने ३२ बिट केव्हाच सोडलं, डेबियननेही १३ व्या आवृत्तीपासून त्याचं इन्स्टॉलर देणं थांबवलं. अँटिएक्ससारखे हलके डिस्ट्रो चालू शकतात. लिखाणापुरता उपयोग होईल, आजच्या वेबसाइटसाठी नाही.

१९. बिघडलं तर नाशकात दाखवायचं कुणाला?

दुरुस्तीच्या दुकानात बहुतेक वेळा ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकतो’ हेच ऐकायला मिळेल, म्हणून थोडी तयारी आपली हवी. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे. ते पहिल्याच दिवशी चालू करा. अपडेटनंतर काही बिघडलं तर आदल्या दिवशीच्या स्थितीत परत जाता येतं. तुमच्या फाइलींचा बॅकअप मात्र त्यात नसतो, तो वेगळा घ्या.

शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे छोटे व्हिडिओ, मराठी निवेदनासह, मोफत. वडीलधाऱ्यांना हेच दाखवा. थांबवून, मागे नेऊन, शेजारी तसंच करत शिकता येतं. आणि गल्लीतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी विसरू नका. प्रश्न ४ मधली ती मुलं आनंदाने मदत करतात.

२०. नाहीच जमलं तर विंडोजवर परत जाता येतं?

येतं. लॅपटॉपसोबत विंडोज आलं असेल तर त्याची की सहसा मदरबोर्डमध्येच असते, आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकली की नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन मात्र पूर्ण डिस्क पुसताना जातं. म्हणून लिनक्स बसवण्याआधीच मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोजचा एक पेनड्राइव्ह करून त्यावर नाव लिहून ठेवा. लिनक्सवरून तो करायला बसलात तर जास्त खटपट पडते.